पुड्यांचं वाण

दिलेलं वाण परत मागायचं नसतं, हे वाशीतल्या बायकांना मीच शिकवलं. आणि मग एका सकाळी चौदा घरांच्या पायऱ्या चढून मीच दिलेलं वाण परत मागितलं. कोणी हसलं, कोणी रागावलं, एकीनं साधं पाणीही विचारलं नाही. ते सगळं मी कधीच विसरून गेले असते, पण त्या चौदांतलं एक घर मला विसरता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणते खरी, पण एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाते, खाली सोसायटीच्या गेटवर कोणाशी तरी उगाच हुज्जत घालते आणि परत येऊन लिहिते.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इथं आले. तेव्हा वाशी म्हणजे खाडीकाठचं एक गाव होतं. खारजमिनीतला भात, मिठागरं, होड्या, आणि ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर काळा चिखल. पूल नव्हता. मुंबईला जायचं तर भरतीची वाट बघून होडीनं पलीकडे मानखुर्दच्या काठाला लागायचं. मी पनवेलची, मराठी सातवी पास, आणि त्याचा तोरा नाकावर. नवरा मिठागरात कामाला होता, सासरे होडी चालवायचे, आणि सासू मीठ वाहणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारी होती. तिला मी घरातल्या सगळ्यांसारखं ‘आये’ म्हणायचे. बुटकी, काळीसावळी, आवाज असा की या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाई. कौतुक करायची मात्र तिला सवयच नव्हती.

पहिल्या आठवड्यातच मला पाटीखाली उभं केलं. पुरुष वाफ्यांतलं मीठ ओढून कडेला लावायचे आणि आम्ही बायका ते ओलं मीठ पाट्या भरभरून डोक्यावरून बांधावरच्या राशीपर्यंत न्यायचो. पायाखाली मीठ, डोक्यावर मीठ, वरून ऊन, आणि पाटीतून गळणारं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं असं धरलं की मी बांधावरच बसकण मारली. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर आये माझ्याजवळ येऊन बसली. कमरेची चंची उघडून तिनं कागदाची एक पुडी काढली. उलगडून नखानं पांढऱ्या भुकटीचे दोन भाग केले.

“घे गो,” ती म्हणाली. “अर्धी तुना, अर्धी मना. वरशी च्या पी.”

भुकटी कडू होती. पण पाव तासात डोक्यातला घण थांबला आणि पायांना कोणी किल्ली दिल्यासारखी मी चालू लागले. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त खेपा केल्या. पुडीचा गुण मला मोठा वाटला, पण त्याहून मोठं वाटलं ते सासूनं जवळ बसून अर्धी दिली हे. घरात मला कोणी जवळ घेणारं नव्हतं. ही पुडीच माझं जवळ घेणं झाली.

पुडी गावच्या दुकानात विड्या आणि काडेपेट्यांच्या शेजारी बरणीत असायची. तिला कोणी औषध म्हणत नसे. औषध म्हणजे पलीकडच्या डॉक्टरानं बाटलीत घालून दिलेलं लाल पाणी. पुडी चहाबरोबरची होती, चहात साखर तशी. सगळ्या बायका घ्यायच्या, पण क्वचित. हंगामात फारच अंग मोडलं तर एखादी, तीही दोघींत वाटून. हे ‘क्वचित’ मोडायचं काम माझ्या हातून झालं.

हळदीकुंकवाची हौस मी पनवेलहून आणली होती. वाशीत तेव्हा संक्रांतीचे तिळगूळ व्हायचे, पण घरोघर बोलावून वाण लुटायची पद्धत नव्हती. मी दुसऱ्याच वर्षी हट्ट धरला. आये म्हणाली, “वान मंजे काय द्यावाचा?” मी म्हटलं, बायकांच्या उपयोगी पडेल असं काहीही. फणी, आरसा, साबणाची वडी. ती विचारात पडली. आणि मला, उचलली जीभ लावली टाळ्याला, सुचून गेलं: “आये, पुड्याच देऊ या. संक्रांत झाली की मिठाचा हंगाम. प्रत्येकीचं डोकं धरणार.”

आये माझ्याकडे बघत राहिली. मग घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सून डोक्याची हाय हां!” लग्नानंतर तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं कौतुक. मी हवेत.

बारा-बारा पुड्यांची एकेक जुडी, लाल दोऱ्यानं बांधलेली, वर हळदीकुंकवाचं बोट. अशा चौदा जुड्या मी स्वतः बांधल्या. पहिली दिली शेजारणीला. ती माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली, माझ्याच टोळीत, माझ्या मागची पाटी तिची. हसरी बाई, हसताना तोंडावर पदर घ्यायची. तिनं जुडी ओटीत घेतली आणि संकोचून विचारलं, “नाय लागल्या तं परत द्यावाच्या?” मी मोठ्या शहाणीसारखं सांगितलं की छे, वाण परत देत नाहीत आणि देणारीही परत मागत नाही, दोघींना अपशकुन होतो. बाकीच्या तेरा जणीही ऐकत होत्या. मला गुरुजी झाल्यासारखं वाटलं.

घरात बारा पुड्या असल्या की कोण कशाला दुखण्याची वाट बघतं? सकाळच्या चहाला एक, दुपारच्याला एक. पुढच्या संक्रांतीला अजून दोन घरांनी पुड्यांचंच वाण लुटलं. चार वर्षांत गावात अशी तऱ्हा झाली की हंगामाच्या दिवसांत बाईच्या पदराच्या गाठीला पुडी नसेल तर ती आजारी आहे का, असं लोक विचारायचे.

अर्ध्या पुडीचं आमचं वाटपही संपलं. आये अख्खी घ्यायला लागली, मग दोन, मग चार. मी तीनवर होते. हंगाम संपून पाऊस लागला तरी पुडी थांबेना, कारण न घेतली तर सकाळी डोळे उघडायच्या आधी डोकं ठणकायला लागे. अंगात सतत एक घाई भरलेली. भात शिजेपर्यंत मी दहादा दारात जाऊन यायची. झोप उथळ, हात थरथरते, कोणी हळू बोललं तरी राग. नवरा म्हणायचा, “तुना मुंग्या डसल्यान काय?” मला वाटायचं, माझा स्वभावच असा आहे. अजूनही नक्की सांगता येत नाही, त्यातला माझा किती आणि पुडीचा किती.

आयेचं पोट जळायचं. ती त्यावर चिमूटभर सोडा घेई आणि पेज पिई. सोमवारी ती कडक उपास करायची, दिवसभर पोटात काही नाही, पण पुडी चालायची. पुडी काय खाणं आहे? हळूहळू ती फिकी पडली. बांध चढताना दोनदा थांबायला लागली. पन्नाशीची बाई, आम्ही म्हटलं, वय झालं.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण ती गाळली तर सगळंच खोटं होईल. आम्ही बायका पहाटे खाडीच्या चिखलात जायचो. पाण्याच्या कडेला बसायचं, भरती येई आणि सगळं घेऊन जाई. पोटात रक्त पाझरत असलं की शौचाला डांबरासारखं काळं होतं, हे मला पुढे कळलं. पण काळ्या चिखलावर काळं कोणाला दिसणार? आयेला दिसलं असेल का, मी कधी विचारलं नाही. दिसलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

सातव्या संक्रांतीचं वाण लुटून चार-पाच दिवस झाले असतील. भर सकाळी बांधावर आये पाटीसकट खाली बसली. पाटी कलंडली, मीठ सांडलं. मी धावले. तिला ओकारी झाली, ती चहाच्या चोथ्यासारखी, गडद, आणि मग त्यात ताजं लाल. शेजारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी ओरडत घराकडे पळाले.

सासऱ्यांनी होडी तयार केली, पण खाडीत पाणी नव्हतं. ओहोटी पुरती उतरलेली, होडी चिखलात रुतलेली. भरतीला अजून अडीच-तीन तास. आये होडीत आडवी, ओठ पांढरे, आणि मी चिखलात गुडघाभर उभी राहून पाण्याकडे बघत होते. पाणी वीतभर चढलं की वाटे निघू या, आणि सासरे मान हलवायचे. मी होडी ढकलली, रडले, सासऱ्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी आयुष्यात मला उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या दिवशीही दिलं नाही. आणि हे सांगायची लाज वाटते, पण त्या तीन तासांत माझं डोकं ठणकायला लागलं म्हणून मी पदराची गाठ सोडून एक पुडी कोरडीच तोंडात टाकली.

पलीकडच्या इस्पितळात तिला रक्त चढवलं. नवऱ्यानं रक्त दिलं. डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी शांतपणे विचारलं, “आजी, रोज काही औषध घेता?”

आयेनं हळूच मान हलवली. “औषिद? नाय बा. आमी कदी औषिद घेतला नाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही, काही नाही.” मी खोटं बोलत नव्हते. तेच तर वाईट आहे, मला खरंच तसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं होतं. पण पुडी नसल्यानं आयेचं डोकं फुटायला आलं. ती खाटेची कड धरून कण्हायची. “पोरी, पुडी दे. येक. अर्धी दे गो, अर्धी तरी.” इस्पितळात तिला थंड दुधाशिवाय काही मिळत नव्हतं. मला बघवेना. बाहेरच्या टपरीवर आपल्याच पुड्या दिसल्या तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. एक आणली. तिच्या उशाशी बसून नखानं दोन भाग केले. अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. संध्याकाळी पुन्हा तिनंच मागितली, तेव्हा अख्खी दिली. दुसऱ्या दिवशीही दिली.

त्या दुपारी तिला पुन्हा रक्ताची उलटी झाली.

चादर बदलताना नर्सला उशीखाली पुडीचा कागद सापडला. डॉक्टर तो कागद हातात धरून आले. “हे काय?”

“पुडी,” मी म्हटलं.

“मी विचारलं होतं ना, औषध काय घेता म्हणून?”

“हे औषध नाही. आम्ही चहाबरोबर घेतो.”

ते ओरडतील असं मला वाटलं. ते स्टूल ओढून बसले. किती घेता, विचारलं. चार, कधी पाच. किती वर्षं? मी बोटांवर संक्रांती मोजल्या आणि सात म्हटलं. मग त्यांनी मला, मिठाच्या डागांचं लुगडं नेसलेल्या बाईला, नीट समजावून सांगितलं. ही भुकटी पोटाचं अस्तर खाते, तिथं जखम होते, रक्त झिरपतं. रिकाम्या पोटी तर जास्तच. शिवाय वर्षानुवर्षं रोज घेतली तर मूत्रपिंडं झिजतात, आणि ती झिजताना दुखत नाहीत, म्हणून माणसाला कळत नाही. “आणि डोकं आता उन्हानं दुखत नाही, बाई. पुडीचा अंमल उतरला की दुखतं. तुम्ही पुडीनं झालेलं दुखणं पुडीनं थांबवताय.”

रोगापेक्षा इलाज भयंकर, हे मी शाळेच्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ मला त्या स्टुलासमोर उभी राहून कळला. डॉक्टर उठता उठता म्हणाले, “गावात अजून कोणी रोज घेतं का?”

 माझ्या डोळ्यांसमोर लाल दोऱ्याच्या चौदा जुड्या आल्या.

आये वाचली. पंधरा दिवसांनी होडीतून घरी आली आणि दोघींची पुडी बंद झाली. पहिले दहा दिवस नरक होता. डोकं दगडाखाली ठेचावं तसं, ओकाऱ्या, अंगाची तगमग. मी बांधावरून येरझाऱ्या घालायची, बसले की रडू यायचं. आये मला जन्माच्या शिव्या देई. “सुखानं मरू पन देत नाय ही रांड!” मी दुकानदाराला ताकीद दिली होती, म्हणून ती त्यालाही शिव्या देई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण अकराव्या की बाराव्या दिवशी ती चहाला बसली, गुळाचा खडा घेतला, नखानं तुटेना म्हणून दातानं तोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.  मी तो खडा तोंडात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौदा घरं फिरायला निघाले. आये म्हणाली, “नको जाव. लोक हसतील.” मी गेले. मला पुड्या नको होत्या, निम्म्या तर संपल्याही असतील. मला माझा तो शहाणपणा परत हवा होता. प्रत्येक दारात मी तेच सांगितलं, की आयेच्या पोटात याच पुडीनं जखम केली, रोज घेऊ नका, उरलेलं वाण मला परत द्या. दोघीतिघींनी आयेची अवस्था पाहिली होती म्हणून दिलं. बाकीच्यांना वाटलं, आमच्या घरावर काही संकट आलंय आणि ते आम्ही त्यांच्या घरात ढकलतोय. वाण मागं घेणं म्हणजे अपशकुन, असं मीच तर सांगितलं होतं.

शेजारणीचं घर मी शेवटी ठेवलं होतं. ती तरी ऐकेल, अशी खात्री होती. तिनं मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग तोंडाला पदर लावून हसली. “तूच सांगलंस ना गो, वान परत मांगाचा नाय म्हनून? दोघींना वायट व्हतं. मी नाय देनार.” आणि माझ्या हातावर हात ठेवून, “आयेचा वय झाला. मना काय व्हतंय?”

मी भांडले. त्या दिवशी भांडले, नंतरही भांडले. पुढच्या संक्रांतींना मी साबणाच्या वड्या लुटल्या, ती दुकानातून पुड्या आणत राहिली. माझ्या मागची पाटी तिचीच होती, त्यामुळे तिच्या पदराची गाठ सुटून कागद वाजला की मला कळायचं. मी वळून बघायची आणि ती जीभ काढून दाखवायची, लहान पोरीसारखी. तिला पाठीचं दुखणं होतं, चार पोरं होती, सकाळी पुडी घेतली की ती उभी राहायची. मी तिला पुडी सोड म्हणायची, पण तिची पाटी मी उचलणार नव्हते. हा हिशेब ती कधी तोंडावर बोलली नाही.

साठचं दशक निम्मं सरलं असेल. सकाळी तिचं तोंड सुजलेलं दिसायला लागलं. मग पाय. बोट दाबलं की खळगा राहायचा. रंग राखाडी झाला, जेवण तुटलं, दिवसाकाठी लघवीला एकदा जायची, तीही नावाला. मी सासऱ्यांच्या होडीतून तिला पलीकडे नेलं. तेच डॉक्टर होते. त्यांनी तपासून झाल्यावर मला बाहेर बोलावलं आणि दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. पुडीनंच गेली का, मी विचारलं. ते म्हणाले, सगळा दोष कशाचा हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण रोजच्या पुड्या हे मोठं कारण दिसतं. तेव्हा त्यावर इथं इलाज नव्हता. पुढे त्या पुड्यांतलं एक द्रव्य मूत्रपिंडं बिघडवतं म्हणूनच बंद झालं असं ऐकलं. तोवर आमची मिठागरंही गेली होती.

शेवटचे आठ दिवस ती घरीच होती. मी रोज जायची, पण टेकायची नाही. उगाच भांडी आवर, पाणी भर, पोरांवर ओरड. एके दुपारी तिनं मला हाक मारून जवळ बसवलं. तोंड इतकं सुजलं होतं की डोळे नीट उघडत नव्हते. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं असंच मला वाटत होतं. तिनं मला एक शिवी दिली असती तरी मी जन्मभर तिचे उपकार मानले असते.

ती हळू आवाजात म्हणाली, “तुज्या वानानं मना लय सुख दिला गो. येवडी वर्सं मी पाटी उचलली ती त्याच्याच जोरावर.”

आणि उशाखाली हात घालून तिनं लाल दोरा काढला, माझ्या पहिल्या जुडीचा. माझ्या मुठीत ठेवून ती हसली, तोंडावर पदर घ्यायला हात उचलला, पण तो वरपर्यंत आला नाही.

“घे,” ती म्हणाली. “मांगत व्हतीस ना परत?”